राँग, वोह् आणि वाकडा: जुन्या शब्दाचा माग कसा काढावा

राँग साइड, राँग नंबर, "यात राँग काय आहे?" हे शब्द पुण्यात सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडतात. यातला 'राँग' मुळात चुकीचा नव्हता, वाकडा होता, पिळलेला होता. तो इंग्रजीत रुळायच्या आधी इंग्रजीकडे याच अर्थाचा स्वतःचा, आणखी जुना शब्द होता. त्याचा उच्चार साधारण 'वोह्', ओ लांब आणि शेवटचा ह घशात घासलेला. तो शब्द आज मेलेला आहे, आणि तो आपल्या 'वाकडा'चा लांबचा भाऊबंद आहे.

असं विधान गप्पांमध्ये करणं सोपं असतं. ते कागदावर सिद्ध कसं करायचं, ते या लेखात आहे. उदाहरण 'वोह्' आणि 'वाकडा'चं घेतलं आहे, पण रीत कोणत्याही शब्दाला लागू पडते.

आधी कार्डं

जाड कागदाची ४ बाय ६ इंची कार्डं घ्या. एका शब्दासाठी पन्नासेक पुरतात. संगणकावर तक्ता केला तरी चालतो, पण सुरुवातीला कार्डं बरी. अर्थ लावताना ती टेबलावर पसरून हलवता येतात, आणि तो खेळ पडद्यावर तितका जमत नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेलं संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम अशाच चिठ्ठ्यांवर उभं आहे. लंडन-ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश (पहिला भाग १८८४, पूर्ण १९२८) वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांतूनच झाला.

एका कार्डावर एकच अवतरण. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, ग्रंथात जसा लिहिला आहे तसाच. मध्ये पूर्ण वाक्य किंवा ओवी, शब्दाच्या आगेमागे अर्थ लागेल इतका मजकूर ठेवून. खाली ग्रंथ, आवृत्ती, पान किंवा ओळ. उजव्या कोपऱ्यात दोन तारखा: रचनेची आणि हस्तलिखिताची. अर्थ पेन्सिलीने लिहा, कारण तो बदलणार आहे.

दोन तारखा का, हे ज्ञानेश्वरीवरून कळतं. रचना शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. पण एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला. तुमच्या हातातल्या प्रतीत दिसणारं रूप तेराव्या शतकातलं की सोळाव्या, हे प्रत कोणत्या परंपरेची आहे त्यावर ठरतं. एकच तारीख लिहिली की पुढची सगळी मांडणी तीनशे वर्षांनी घसरू शकते.

कोश कोणते आणि कोणत्या क्रमाने

मराठीसाठी तीन कोश हाताशी हवेत: मोल्सवर्थ (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०) आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (१९४६). याच क्रमाने बघा. व्युत्पत्तिकोश आधी उघडला की उत्तर डोक्यात बसतं आणि पुरावे त्या उत्तराकडे ओढले जातात. संस्कृतसाठी आपटे. पुण्यातच १८९० मध्ये निघालेला हा कोश रोजच्या कामाला पुरेसा आहे. भारतीय आर्यभाषा एकत्र बघायच्या तर टर्नरचा तुलनात्मक कोश. तो आणि मोल्सवर्थ दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. प्राकृतासाठी विधी महाविद्यालय रस्त्यावरचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर गाठावं.

जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश वापरा: मुख्य खंड १८९८, पुरवणी १९२१. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने तो संकेतस्थळावर मोकळा ठेवला आहे. टोरांटोचा नवा कोश जास्त काटेकोर आहे, पण तो वर्णानुक्रमाने पुढे सरकतो आहे आणि डब्ल्यूपर्यंत पोचलेला नाही. त्यामुळे आपल्या शब्दासाठी त्याचा उपयोग नाही. सन ११०० ते १५०० च्या इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश. तोही मोकळा आहे.

सगळी रूपं जमवल्याशिवाय शोध सुरू करू नका

नवखे इथेच सर्वांत जास्त अडखळतात. मोल्सवर्थमध्ये 'वाकडा' शोधला की हाती काही लागत नाही, कारण तिथे तो 'वांकडा' आहे. न उच्चारला जाणारा अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेला. त्याआधीच्या कोशांत तो आहे, आणि त्यामुळे शब्दाची कोशातली जागाही बदलते. म्हणून वाकडा, वांकडा, वाकुडा, वांकुडा, वाकणे, वांक अशी यादी आधी करा आणि प्रत्येक जागा तपासा. तो अनुस्वार उगाच आलेला नव्हता, हे पुढे दिसेल. कोकणात 'वांकडो' आजही नाकातून ऐकू येतो.

'वोह्'चंही तसंच. डब्ल्यू, ओ, एच ही तीन अक्षरं टाकून शोधलं की फक्त प्रथमेची रूपं सापडतात. विभक्ती लागली की शेवटचा ह गळतो किंवा ग होतो: वोन, वोस, वोगे. 'मिड वोगे' म्हणजे 'अन्यायाने' हा जुन्या कायद्यांतला आणि प्रवचनांतला ठरीव प्रयोग आहे. तो नेमका या गाळणीतून निसटतो. स्वरावरची लांबीची खूण शोधताना लिहू नका. ती आधुनिक संपादकांनी घातलेली असते, हस्तलिखितात नसते.

आणखी एक अडचण लिपीची. जुन्या इंग्रजी हस्तलिखितांत 'व' साठी 'विन' नावाचं वेगळं अक्षर होतं आणि ते दिसायला पी सारखं आहे. काही जुन्या छापील आवृत्त्यांनी ते तसंच ठेवलं. अशा पुस्तकाच्या स्कॅनमधून यंत्राने वाचलेला मजकूर शोधत असाल, तर 'वोह्' तिथे 'पोह' होऊन बसलेला असतो. मोडी कागद वाचणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल.

अर्थांचा क्रम लावणं

आता कार्डं पसरा आणि तीन गठ्ठे करा: डोळ्यांना दिसणारा वाकडेपणा, वागण्यातला वाकडेपणा, आणि यांच्यामधला, दोन्ही अर्थ लागतील असा. मधला गठ्ठा सर्वांत मोलाचा. अर्थ बदलला तो तिथे.

'वोह्'चं पहिल्या गठ्ठ्यातलं उत्तम कार्ड 'बेओवुल्फ' या काव्यातलं आहे. ओळ २८२७ मध्ये मारल्या गेलेल्या अजस्र सापाला 'वोह्बोगन' म्हटलं आहे, म्हणजे वाकडा वळलेला, वेटोळं घातलेला. हस्तलिखित साधारण सन १००० चं आणि एकुलतं एक. इथे नैतिक काही नाही, सापाचं अंग तेवढं आहे. संस्कृतातला 'भुजंग'ही 'भुज्', म्हणजे वाकणे, या धातूवरून आला आहे, हे जाता जाता लक्षात ठेवा.

दुसऱ्या गठ्ठ्यात जोडशब्दांची रांग लागते: 'वोह्डोम' म्हणजे अन्याय्य निवाडा, 'वोह्गेस्त्रेओन' म्हणजे वाममार्गाने मिळवलेलं धन, 'वोह्हेमेड' म्हणजे व्यभिचार. याहून जुना साक्षीदार बहीणभाषेत आहे. बायबलच्या चौथ्या शतकातल्या गॉथिक भाषांतरात, लूकच्या पहिल्या अध्यायातल्या सहाव्या वचनात, 'निर्दोष' या अर्थी जो शब्द येतो त्याचा शब्दशः अर्थ 'अ-वाकडा' असा होतो. त्याचं हस्तलिखित सहाव्या शतकातलं, रचना चौथ्यातली. कार्डावर दोन्ही तारखा घाला. म्हणजे वाकडेपणा हा दोष, ही समजूत इंग्रजी लिहिली जाण्याच्याही आधीची आहे.

मराठी कार्डं लावली की तोच प्रवास समोर येतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' पहिल्या गठ्ठ्यात. 'वाकडी वाट' मधल्या, कारण वाट खरीही असते आणि वागण्याचीही. 'वाकडं पाऊल', 'वाकड्यात शिरणे', 'त्यांचं आपसात वाकडं आहे' हे दुसऱ्या. पसायदानातली 'खळांची व्यंकटी' याच गठ्ठ्यात जाते. तिथे व्यंकटी म्हणजे मनाचा वाकडेपणा, आणि मागणं असं की खळ नष्ट न होता त्यांची व्यंकटी सांडावी. मात्र हे कार्ड अर्थाच्या गठ्ठ्यात ठेवा. 'व्यंकटी' आणि 'वंक' ऐकायला जवळचे वाटतात म्हणून ते व्युत्पत्तीच्या गठ्ठ्यात सरकवू नका; त्यासाठी मधली रूपं दाखवावी लागतात.

चोखोबांचा 'डोंगा' इथे मुद्दाम नोंदवावा. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" यातला डोंगा म्हणजे वाकडा. बोलण्यातून तो शब्द गेला, अभंगाने जपला. हिंदीत डोंगा म्हणजे होडी, आणि आजचा वाचक 'ढोंग' ऐकतो. दोन्हींचा इथे संबंध नाही. ऊस, कमान, नदी आणि शेवटी स्वतः चोखा, सगळे डोंगे. रस, तीर, जळ आणि भाव मात्र नाही. अंगाचा वाकडेपणा आणि आतला वाकडेपणा एकच, असं भाषा शतकानुशतकं म्हणत आली. ही गाठ सोडणारं कार्ड दुर्मिळ असतं. सापडलं की पूर्ण अभंग उतरवून घ्या.

ध्वनींची परीक्षा

दोन शब्द नातेवाईक आहेत हे साम्यावरून ठरत नाही, नियमित फरकावरून ठरतं. प्रत्येक ध्वनिबदलासाठी दुसऱ्या किमान एका शब्दाचा जामीन हवा. तो नसेल तर पायरी कच्ची.

मराठीची बाजू आधी. संस्कृत 'वक्र' प्राकृतात 'वंक' होतो. हा अनुस्वार कुठून आला? बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या प्राकृत व्याकरणात यासाठी खास सूत्रच आहे: वक्र आणि त्याच्या गटातल्या शब्दांत अनुस्वार येतो. त्याच गटात 'अश्रु' आहे. अश्रु, अंसु, आंसू, आसू. हा पहिला जामीन. जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होणं हे चक्र आणि चाक, हस्त आणि हात यांत दिसतं. आरंभीचा व मराठीने राखला आणि हिंदीने ब केला: वाघ आणि बाघ, वीस आणि बीस, विंचू आणि बिच्छू. म्हणून आपला वांकडा, त्यांचा बाँका. मराठीत 'बाका प्रसंग' म्हणतो तेव्हा त्यातला ब हा शब्द उत्तरेकडून आल्याचं सांगतो. शेवटचा '-डा' हा प्राकृतापासूनचा वाढीव प्रत्यय, बापुडा-कोंबडा यांतला.

आता मागे जा. वक्र हा 'वञ्च्' धातूचा, म्हणजे वाकडं जाणे. न् गळतो तसा बन्ध् आणि बद्ध यांत गळतो. च चा क होतो तसा पच् आणि पक्व यांत होतो. याच धातूच्या प्रयोजक रूपाचा अर्थ झाला 'फसवणे', आणि त्यातून वंचना, वंचित. वाकडा आणि वंचित एका घरातले आहेत. इथेही वाकडेपणातून अन्यायाकडे तोच प्रवास झाला आहे.

इंग्रजीची बाजू. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, संस्कृत आणि इंग्रजी ज्या एका मूळ भाषेतून आल्या तिच्यातले प, त, क जर्मॅनिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, गॉथिक यांच्या घराण्यात, फ, थ, ह होतात. पितृ आणि फादर, त्रि आणि थ्री. क चा ह होतो याचा जामीन संस्कृत 'क्रव्य' (कच्चं मांस, 'क्रव्याद'मधलं) आणि इंग्रजी 'रॉ', ज्याचं जुनं रूप 'ह्रेआव' होतं. म्हणजे 'वन्क्' असं मूळ धरलं तर जर्मॅनिकमध्ये '*वन्ह' मिळायला हवं. तारांकनाचा अर्थ असा की हे रूप कोणत्याही ग्रंथात सापडलेलं नाही, गणिताने काढलेलं आहे. कार्डावर तारा विसरलात तर महिन्याभराने तुम्हालाच ते खरं रूप वाटायला लागेल.

'*वन्ह' चा 'वोह्' कसा? ह च्या आधीचा न् गळतो, स्वर लांबतो आणि जुन्या इंग्रजीत त्याचा लांब ओ होतो. याचे जामीन शाळेतल्या क्रियापदांच्या तक्त्यात आहेत: थिंक-थॉट, ब्रिंग-ब्रॉट. वर्तमानकाळात न् आहे, भूतकाळात नाही. पाठांतर करताना जो अनियमितपणा छळतो, तो इथे पुरावा म्हणून उभा राहतो.

एक सापळा अनुभवी लोकांनाही लागतो. 'वांकडा'त अनुस्वार आहे आणि '*वन्ह'मध्ये न् आहे, म्हणून ते एकच, असं म्हणू नका. मराठीतला अनुस्वार प्राकृतात मागाहून शिरला. तुलना करायची ती वांकडाशी नव्हे, 'वञ्च्' धातूतल्या मूळच्या न् शी.

मग 'राँग' कुठून आला

उत्तरेकडून आलेल्या डेनिश-नॉर्स लोकांकडून. ते नवव्या शतकापासून इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात वस्ती करून होते. जुन्या इंग्रजीच्या अखेरीस 'व्रंग' दिसू लागतो, 'व्रिंगन' म्हणजे पिळणे याच्या घरातला. धुणं पिळतो ते इंग्रजी 'रिंग' हेच क्रियापद. त्याने 'वोह्'ची जागा घेतली. वोह् मध्ययुगीन इंग्रजीत 'वोघ'सारख्या रूपात थोडा टिकला आणि मग गेला. मिशिगनच्या कोशात हे रूप शोधाल तेव्हा दोन नोंदी दिसतील. त्यातली एक 'भिंत' या अर्थाची, निराळ्या शब्दाची. ती कार्डं मिसळू नका.

'राँग'च्या लेखनात आर च्या आधी डब्ल्यू उगाच बसलेला दिसतो. पूर्वी तो उच्चारला जाई. डब्ल्यू-आर ने सुरू होणारे शब्द एका ओळीत लिहून पाहा: पिळण्याचं 'रिंग', फिरणारं मनगट 'रिस्ट', वळलेली फुलांची 'रीथ', तळमळून अंग पिळवटणारं 'राइद', सुळसुळ वळवळणारं 'रिगल', तोंड वाकडं करण्यातलं 'राय'. पिळण्या-वळण्याचा मोठा गोतावळा आहे. पण 'राइट', म्हणजे लिहिणे, यात नाही. तो कोरणे-ओरखडणे या अर्थाचा. यादी छान जमत आली की शेवटचा शब्द तपासल्याशिवाय आत घेऊ नये, तो यासाठी.

लॅटिनमधून निराळ्याच धातूने तोच अर्थ आला. 'तोर्तुम' म्हणजे पिळलेलं. त्यातून कायद्याच्या वर्गात शिकवतात तो 'टॉर्ट', आणि त्याच धातूतून वर्कशॉपमधला 'टॉर्क'. इथे शब्दांचं नातं नाही, विचाराचं साम्य आहे. नोंदीत या दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. उलट बाजूला 'बरोबर' या अर्थाचा इंग्रजी राइट आणि संस्कृत 'ऋजु' यांचं नातं खरं आहे. दोन्हींचा मूळ अर्थ सरळ. ऋजुचं प्राकृत 'उज्जु', जुनी मराठी 'उजू'. 'उजवा' याच घरात बसतो का, हे वरच्या पायऱ्यांनी तपासून पाहा; सरावाला उत्तम शब्द आहे.

हमखास फसवणारी साम्यं

पाठीला आलेला बाक आणि शाळेतला बाक यांचं लेखन एक, पण बसायचा बाक पोर्तुगीज 'बांको'वरून आला. इंग्रजीत डगमगत्या गोष्टीला 'वाँकी' म्हणतात. वांकडाशी जुळतो म्हणून उड्या मारू नका. तो छापात दिसतो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि ग्रिमचा नियम लावला तर जुन्या नात्यात तिथे क उरायलाच नको. खऱ्या नातेवाईकाचा चेहरा 'वोह्'सारखा बदललेला असतो.

गावांच्या नावांबाबत तर फार जपावं. हिंजवडीच्या वाटेवरचं वाकड हे 'वाकडा'वरून, असं कोणी म्हटलं तर जुन्या कागदांतलं रूप विचारा. गावनामाचा पुरावा ताम्रपटात, शिलालेखात किंवा दफ्तरात असतो. मोडी येत असेल तर पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) ही त्यासाठीची ठिकाणं. ग्रंथालयात जाण्याआधी सभासदत्व, वेळ आणि हस्तलिखित पाहण्याची परवानगी यांची चौकशी करून जा, आणि सोबत शाईचं पेन नको, पेन्सिल न्या.

शेवटची नोंद

सगळं झालं की नोंद एका कार्डात मावली पाहिजे. मावत नसेल तर त्यात अजून कथा उरली आहे. 'वोह्'ची नोंद अशी होते:

"वोह्, जुनी इंग्रजी, विशेषण आणि नाम. १. वाकडा, वळलेला (बेओवुल्फ २८२७, हस्तलिखित सु. १०००). २. अन्याय्य, अन्याय (जोडशब्दांत विपुल, 'मिड वोगे'). जर्मॅनिक *वन्ह, गॉथिकमध्ये 'निर्दोष' या अर्थी नकारार्थी रूप, चौथं शतक. संस्कृत वञ्च्, वक्र, प्राकृत वंक, मराठी वांकडा. इंग्रजीत जागा घेणारा शब्द: व्रंग, नॉर्समधून. मध्ययुगीन इंग्रजीनंतर लुप्त."

मागच्या बाजूला जामीन शब्द लिहा: चाक, आसू, वाघ, पक्व, बद्ध, रॉ, थॉट. नोंद कोणी तपासायला घेतली तर तो आधी कार्ड उलटून हेच बघेल.